स्टुलाच्या पायातलं पाणी

मंगळवारी सकाळी तुला आंघोळ घातली. ती शेवटची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पाणी जरा जास्त तापवलं असतं, एवढंच. बाकी रोजच्यासारखंच केलं. काखेत हात घालून तुला मोरीत आणलं, स्टीलच्या स्टुलावर बसवलं, तू भिंतीला तळवा टेकलास. पहिला तांब्या पाठीवर. डोक्यावर आधी पाणी पडलं की तुला धाप लागायची, म्हणून दोन वर्षं आपला तोच नियम होता.

साबण लावताना तू जरा सरकलीस आणि स्टूल हललं. त्याच्या पायात खळखळ वाजलं.

"ऐकलंत?" तू म्हणालीस. अलीकडे तुला ऐकू कमी यायचं, पण हा आवाज चुकत नव्हता.

"काय?"

"पायात पाणी झालंय."

"कुणाच्या? तुझ्या?"

"माझ्या पायातलं गोळीनं उतरलं. स्टुलाच्या पायातलं कधी उतरणार? सोळा वर्षं सांगतेय, ती भोकं बुजवा. आत पाणी कुजतं. वास येतो."

"उद्या बुजवतो."

"तुमचं उद्या मला पाठ आहे. दोन कामं बाकी आहेत तुमच्याकडे."

"दुसरं कुठलं?"

"विचारताय काय नसल्यासारखं?"

मी तांब्या भरून पाठीवर ओतला. उत्तर द्यायचं नसलं की हातात तांब्या असणं बरं पडतं.

मग तुला पुसलं, गाऊन घातला, वेणी घातली. वेणी मला अजून नीट येत नाही, तू हसलीस. अर्धी वाटी मऊ भात खाल्लास मेतकूट घालून. "जरा पडते" म्हणालीस. मी ताट विसळायला घेतलं आणि आतला आवाज थांबला. दोन वर्षं या दोन खोल्यांत तुझ्या श्वासाचा आवाज होता, ग्रीस संपलेल्या बेअरिंगसारखा. कामावर चालू मशीन मधेच बंद पडलं की माझी मान आपोआप वळायची. तशीच वळली.

तुला बघितलं आणि पहिला विचार आला तो हा, की बरं झालं. लोकांना हे वाचून कसंतरी वाटेल, वाटू दे. उशीला टेकून बसल्याबसल्या तू किती रात्री काढल्यास ते लोकांनी नाही बघितलं. तू सुटलीस. मीही सुटलो. रडलो नंतर, भरपूर रडलो, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. तुझ्याशी खोटं आता कशाला बोलू? एकदा बोललो होतो ते पुरलं.

आपली शोभा म्हणाली, बाबा, आईबद्दल काहीतरी लिहा, दहाव्याला आलेल्या लोकांना वाचायला देऊ. मी चौथी शिकलेला. तुझा जन्म कुठे, माहेर कुठलं, ते ती लिहील. मी तुझ्याशीच बोलतो. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करतो. लोकांना ऐकू दे. तुझं म्हणणंच होतं की लोकांसमोर बोला.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी उल्हासनगरला गोपीशेठच्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये मिस्त्री. तू शेजारणीच्या ओळखीनं अंबरनाथ एमआयडीसीत बटाट्याच्या वेफरच्या कारखान्यात लागलीस. धुणाऱ्या बायकांच्या टोळीत. नऊजणी होतात. पाळी सुटली की मशीनं धुवायची, फरशी धुवायची. आणि नेमकं त्याच कारखान्यात माझं मशीन बसलं. कापलेले बटाटे पाण्यातून काढून पुढे नेणारा पट्टा. आम्ही त्याला कन्व्हेयर म्हणायचो, तुम्ही बायका पट्टाच म्हणायचात. माझा पहिला स्टेनलेसचा कन्व्हेयर. चौकोनी पाईपचा सांगाडा, त्याला भोकं पाडून बोल्ट, वर पांढरा पट्टा. असा चमकायचा की मालकानं त्यात बघून भांग पाडला होता.

तू कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतंस की हे मशीन नवऱ्यानं केलंय. म्हणालीस, "वशिल्यानं आली असं नको व्हायला." मला तेव्हा राग आला होता. मला वाटायचं, सांगावं हिनं, मिरवावं.

महिन्याभरातच तू सुरू झालीस. घरी यायचीस ती हाताचा वास घेत. "अहो, तुमच्या पट्ट्याच्या खाली हात जात नाही. आणि त्या पाईपात पाणी शिरतं."

"स्टेनलेस आहे ते. त्याला काय होतंय?"

"त्याला काही होत नाही. आतल्या पाण्याला होतं. बटाट्याचा पीठूळ चीक आहे तो, दोन दिवसांत आंबतो."

"पट्टा ढिला करून खाली धुवायचं."

"ढिला करायला पाना लागतो. पाना फिटरकडे. फिटर आठनंतर घरी."

"तू मला मशीन शिकवणार?"

"नाही. धुणं शिकवते."

असं रोज. मी जेवायचो आणि पाठ फिरवून झोपायचो. वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस बायकोचं ऐकतो होय?

तिसऱ्या महिन्यात कारखान्यातून बोलावणं आलं. मशीनला घाण वास मारतोय. गोपीशेठ मला घेऊन गेला. मी खाली वाकलो, बॅटरी मारली. नाकाला लगेच कळलं आणि डोळ्यालाही दिसलं. बोल्टच्या भोकातून पांढुरकं पाणी पाझरत होतं. पाईप आतून भरला होता. चूक माझी होती, आणि ती मला त्याच वेळी कळली होती. नंतर कळली असं मी सोळा वर्षं सांगत आलो. तेही खोटं. त्याच वेळी कळली.

पण मागे गोपीशेठ उभा होता. आणखी दोन मशीनांचं काम त्याच मालकाकडून यायचं होतं. मालक म्हणाला, "बोला मिस्त्री, काय बिघडलंय?"

मी उठलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, "मशीन बरोबर आहे. बायका नीट धूत नाहीत."

नऊजणी भिंतीशी उभ्या होत्या. साड्या खोचलेल्या, पायात रबरी चपला. आठजणी माझ्याकडे बघत होत्या. तू एकटी फरशीकडे बघत होतीस.

सुपरवायझरला तेवढंच पाहिजे होतं. म्हणाला, दिवाळीपर्यंत वास गेला नाही तर सगळी टोळी बदलतो. तोवर रोज सुट्टी झाल्यावर एक तास जास्त धुवायचं, फुकट. तुमच्या टोळीतल्या मंजुळाचं घर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूच्या पाड्यावर. तिला त्या एका तासानं अंधारात रानातून चालत जावं लागायचं. हे तू मला सांगितलं नाहीस. मंजुळानंच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

तू घरी येऊन एक शब्द बोलली नाहीस. भांडली असतीस तर मी दुप्पट भांडलो असतो, तयारी होती माझी. तू ताट घेतलंस, माझ्यासमोर नळाखाली धुतलंस, पुसलंस. परत धुतलंस. तिसऱ्यांदा धुतलंस. मग माझ्यापुढे धरलंस आणि म्हणालीस, "नीट धुतलंय का बघा, मिस्त्री. मग वाढते."

त्या दिवसापासून मी तुला 'अहो' नव्हतो. मिस्त्री होतो. 'मिस्त्री, चहा.' 'मिस्त्री, दिवा घालवा.'

मग खंडेनवमी आली. आमच्या धंद्यात या दिवसाला फार मान. हत्याराला त्या दिवशी काम सांगायचं नाही, त्याची पूजा करायची. वेफरवाल्या मालकाची रीत होती की ज्यानं मशीन बनवलं त्यानंच त्याला कुंकू लावायचं. मला बोलावलं. मनात खोट होती म्हणून मी कुंकू जास्त लावलं. एकेका बोल्टला बोट टेकवत गेलो. नारळ फोडला, पाणी सांगाड्यावर सोडलं, झेंडूची माळ घातली. हात जोडून मनात म्हटलं, बाबा, तेवढा वास घालव, माझी अब्रू राख. एवढं शहाणपण वेल्डिंगच्या वेळी वापरलं असतं तर देवाला त्रास द्यावा लागला नसता.

दसऱ्यानंतर कारखाना सुरू झाला. तुम्ही बायकांनी मशीन घासून धुतलं, वरचं कुंकू सगळं गेलं. आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्या बटाट्याच्या चकत्यांवर लाल थेंब.

हे सगळं तू मला नंतर इतक्या वेळा सांगितलंस की मी तिथे होतो असंच वाटतं. सुपरवायझर ओरडला, "रक्त! कुणाचा हात कापला? हात दाखवा!" नऊजणींनी शाळेतल्या पोरींसारखे हात पुढे केले. उलटे, सुलटे. कुणाच्या बोटाला ओरखडा नाही. तू पुढे झालीस, एक थेंब चिमटीत घेतलास, चोळलास.

"साहेब, हे रक्त नाही. कुंकू आहे."

"कुंकू? ते कुठून आलं?"

"ज्यानं लावलं त्याला बोलवा."

मला त्याच दुपारी बोलावलं. मी गेलो तर मालक, सुपरवायझर, फिटर, सगळे गोल करून उभे. तू बादलीत कुंकू कालवत होतीस. कारखान्याच्या देवघरासाठी आणलेला सगळा पुडा. ती बादली तू मशीनवर ओतलीस, बोल्टांवर, रुळांवर, पट्ट्याखाली. माझं चकचकीत मशीन लाल झालं. मग ब्रश आणि पाण्याचा पाईप माझ्या हातात दिलास.

"घ्या मिस्त्री. बायकांच्या हातानं निघत नाही. पुरुषाच्या हातानं निघतं का बघू."

मंजुळा मागून म्हणाली, "खसखसून घास रं दादा. पोळ्या खाल्ल्यास ना दसऱ्याच्या?"

मी घासायला लागलो. आधी रागानं, मग खरोखर. पाऊण तास. घामानं शर्ट चिकटला. मशीन लखलखीत झालं. मी ब्रश खाली ठेवला आणि सगळ्यांकडे बघितलं. फिटरनं बटण दाबलं. पट्टा फिरला, सांगाडा थरथरला. आणि पाईपाच्या भोकातून लाल पाणी यायला लागलं. एक थेंब, दुसरा, मग धारच.

कुणी हसलं नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि भोकात बोट घालायला लागलो. बोट जाईना. बाही पाण्यात भिजत होती. तेव्हा तू वाकून म्हणालीस, "अहो, बाही तरी वर करा!"

तोंडातून निघून गेलं तुझ्या. आठवडाभर मिस्त्री, मिस्त्री करत होतीस आणि चार लोकांत 'अहो'. सगळ्या बायका तुझ्याकडे वळल्या. मग मंजुळा किंचाळली, "अगं बया! ह्यो तुझा घो हाय?" आणि जो हशा पिकला. मालकसुद्धा तोंड फिरवून हसला. मी तसाच ओला, लाल, गुडघ्यावर.

त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. सगळे होते. तोंड उघडून म्हणायचं होतं, चूक माझी, बायका नीट धूत होत्या. मी काय म्हणालो? "बघतो."

दसरा ते दिवाळी, वीस दिवस. मशीन बदलून दिलं नाही तर टोळी गेली, आणि गोपीशेठचं गिऱ्हाईकही गेलं. मी शॉपमधून खडू आणला आणि घरी जेवणं झाली की फरशीवर आखायला लागलो. तू भांडी घासता घासता बघायचीस.

"हे काय?"

"फ्रेमची पट्टी."

"अशी आडवी सपाट? यावर पाणी बसणार. घराचं छप्पर असं सपाट घालतात का? कोन वर करा त्याचा, म्हणजे पाणी घसरेल."

मी पुसलं, कोन वर केला. पाईपच काढून टाकला, सगळीकडे उघडा अँगल घेतला, ज्याच्या दोन्ही बाजू दिसतात आणि हाताला लागतात. पाय तेवढे पाईपाचे ठेवले, पण तोंडं वेल्डिंगनं बंद केली आणि एकही भोक पाडलं नाही. तू म्हणालीस, वेल्डिंगवर नख फिरवून बघा. पातेल्याला जिथं नख अडतं तिथं खरकटं राहतंच. तेव्हापासून माझ्या शॉपमध्ये वेल्ड घासून झालं की आधी नख फिरायचं.

पट्टा ढिला करायचं मात्र सुचत नव्हतं. बोल्टाशिवाय ताण धरणार कसा? चार रात्री डोकं खाल्लं. सकाळी तू माझा जेवणाचा डबा भरून कडी लावलीस, फटकन. आणि डबा तसाच हातात धरून उभी राहिलीस.

"अहो, हा उघडायला पाना लागतो का?"

बास. डब्याची कडी. तीच मोठी करून लावली मशीनच्या शेपटाला. कडी वर केली की मागचा रूळ आत सरकतो, पट्टा सैल पडतो, कुठलीही बाई एका हातानं तो उचलून खालून धुवू शकते. बाजूच्या पट्ट्याही खाचेत नुसत्या अडकवलेल्या, उचलून काढायच्या. पूर्ण मशीन उघडायला एक पाना लागत नव्हता. फिटर आला आणि म्हणाला, मग माझं काय काम? तू म्हणालीस, "तुम्ही आठला घरी जा."

शॉपमध्ये तुझ्या सुट्टीच्या दिवशी तू आलीस परीक्षा घ्यायला. कुंकवाची बादली घेऊन. गोपीशेठ डोक्याला हात लावून बसला होता. "मिस्त्री, तेरी बाई मशीन का लगन करा रही है क्या?" तू ओतलंस, अर्धा तास मशीन फिरवायला लावलंस, मग धुतलंस. दहा मिनिटं. मग पांढऱ्या धोतराचं फडकं घेऊन प्रत्येक कोपऱ्यातून फिरवलंस आणि शेठपुढे धरलंस. पांढरं ते पांढरंच. शेठ फडक्याकडे बघत राहिला. म्हणाला, "साईं, अब से हर मशीन ऐसे ही जाएगी." आणि गेली तशी. पुढे बिस्किटवाले आले, लोणच्यावाले आले, फरसाणवाले आले. शॉपमध्ये कुंकू किलोनं यायचं. नवीन माणसाला वाटायचं, फार देवभक्त शॉप आहे.

दिवाळीच्या चार दिवस आधी ते मशीन कारखान्यात बसलं. वास गेला. टोळी राहिली. नऊच्या नऊ राहिल्या.

आणि गोपीशेठ जो येईल त्याला माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा, "डिझाईन इसका है." मी मान हलवायचो. कधी कधी तू तिथेच असायचीस, डबा घेऊन आलेली. मी तरीही मान हलवायचो.

एकदा घरी आल्यावर तुला म्हटलं, "तुझंही नाव सांगायला पाहिजे शेठला."

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "डिझाईन तुमचं घ्या. मला काय करायचंय? ते एक वाक्य तेवढं परत घ्या. जिथं बोललात तिथं, त्या बायकांसमोर."

"कोणतं वाक्य?"

"नीट धूत नाहीत."

"अगं, मशीन बदललं, वास गेला, सगळ्यांना कळलं. आता बोलून काय होणार?"

"पाणी बाहेरून दिसत नाही म्हणून आत नसतं का?"

मी म्हटलं, घेतो कधीतरी. जुना सांगाडा कापून शॉपमध्ये पडला होता, त्याचा पाईप घेऊन तुला मोरीत बसायला स्टूल करून दिलं. मला वाटलं, भेट दिली की भांडण मिटेल. तू स्टूल उलटं केलंस, पायातली जुनी बोल्टांची भोकं बघितलीस. म्हणालीस, "बघा. हे पण बुजवलं नाहीत." मी म्हटलं, बुजवतो. ही तुझी दोन कामं. सोळा वर्षं.

का नाही केली? विचारलंस तर खरं सांगतो. आळस नव्हता. भोक बुजवायचं म्हणजे स्टूल शॉपमध्ये न्यायचं, पोरं विचारणार, मिस्त्री, तुमच्या कामात भोक? आणि ते वाक्य परत घ्यायचं म्हणजे आठ बायकांपुढे उभं राहायचं. साहेबापुढे वाकणं सोपं असतं. धुणाऱ्या बायकांपुढे माझी मान वाकत नव्हती. एवढंच कारण. लिहिलं आता.

मंगळवारी दुपारी बातमी कळली तशी माणसं यायला लागली. वांगणीहून शोभा आली. आणि दोनच्या सुमाराला मंजुळा आली, पाड्यावरून, काठी टेकत. तिच्याबरोबर तुझ्या टोळीतल्या आणखी तिघी, अंबरनाथच्या. नऊतल्या चार. बाकीच्या काही गेल्या, काही गावी. तू धरून पाच भरल्या घरात.

त्यांनीच तुला न्हाऊ घातलं. दार लावून घेतलं, मला आत घेतलं नाही. पाण्याचा आवाज येत होता आणि मंजुळाचं बोलणं, "कानामागं धू गं. तिला चालायचं नाय तसं." मग हिरवं लुगडं नेसवून तुला बाहेर आणलं. शोभानं करंडा माझ्यापुढे धरला. नवऱ्याच्या हातचं कुंकू, म्हणाली. मी बोट बुडवलं, तुझ्या कपाळाला लावलं. जास्त लागलं. परत जास्तच लागलं.

बोटाकडे बघितलं आणि मग मला थांबवेना. घरात पंधरा-वीस माणसं. चुलत भाऊ, चाळीतले, शॉपमधले दोघं. मी त्या चौघींकडे वळलो.

"बायांनो, त्या दिवशी कारखान्यात मी खोटं बोललो. तुम्ही नीट धूत होतात. मशीन माझं घाण होतं. मला ठाऊक होतं."

शोभा म्हणाली, "बाबा, आत्ता काय हे?" तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

मंजुळानं पदर तोंडाला लावला होता, तो काढला. माझ्याकडे नीट बघितलं. "आमाला सांगू नको. आमाला तवाच ठाव हुतं. तिला सांग. आन् मोठ्यानं सांग, तिला ऐकू कमी यायचं अलीकडं."

मी तुझ्याजवळ बसलो आणि मोठ्यानं सांगितलं. सगळं परत, शब्दाला शब्द. तुम्ही नीट धूत होतात. चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असेल. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पोटातून काहीतरी वाहून गेल्यासारखं झालं, कडी वर केल्यावर पट्टा सैल पडतो तसं. मंजुळा म्हणाली, "झालं. आता उचला तिला."

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. घरी आलो, दिव्याजवळ बसलो, आणि लवंडलो तो सकाळपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपलो. तुझ्या श्वासाकडे कान लावून झोपायची सवय, काही ऐकायचंच नव्हतं. याबद्दल मला माफ कर. किंवा नको करू. तुलाही बरंच वाटलं असेल.

सकाळी उठलो. मोरीत गेलो. स्टूल तिथेच होतं, तू बसली होतीस तसंच भिंतीजवळ. पायानं हलवलं. खळखळ.

स्टूल काखेत मारलं आणि चपला घातल्या. शोभा दारात आडवी आली. "बाबा, सुतकात कुठे निघालात? लोक काय म्हणतील?"

"काम आहे."

"आज? कसलं काम?"

"आईचं."

कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे स्टेनलेसचं वेल्डिंग होत नाही. उल्हासनगरला गेलो, जुन्या शॉपमध्ये. गोपीशेठ आता बसत नाही, त्याचा मुलगा बसतो. त्याला कळलं होतं. उठून उभा राहिला, "अंकल, आप क्यों आए? किसी को भेज देते." मी म्हटलं, भेजायचं नाही हे. वेल्डिंगचं मशीन दे.

आधी स्टूल उलटं केलं. चारी पायांतून पाणी काढलं. काळं, साबणाचं, आंबलेलं. वास आला तोच, त्या पहिल्या मशीनचा. वेड्यासारखं वाटलं की एखादा लाल थेंब निघेल. नाही निघाला. एवढ्या वर्षांत राहतोय कुठे? पाय धुतले, गरम हवा मारून आतून कोरडे केले. आणि मग चष्म्यावर वेल्डिंगची काळी काच घेऊन एकेक भोक बुजवलं. आठ भोकं. हात थोडा हलतो आता, पण जमलं. घासून सपाट केलं. प्रत्येकावरून नख फिरवलं. एका ठिकाणी अडलं, ते परत घासलं.

मग स्टूल उचलून कानाजवळ धरलं आणि हलवलं. आवाज नाही. परत हलवलं. नाही.

घरी आणलं. मोरीत ठेवलं, भिंतीजवळ, तुझ्या जागी. पाणी तापवलं, जरा जास्तच. आणि आंघोळीला बसलो. पहिला तांब्या पाठीवर घेतला.